इंजिनाला आलेल्या हिरड्या

बोलताना ते समोरच्याच्या डोळ्यांकडे बघत नाहीत, दातांकडे बघतात.

घरात कोणी जांभई दिली की हातातलं काम थांबवून मान वर करतात.

चहा घेण्याआधी बशी पुसतात. बशी आधीच पुसलेली असते.

टीव्हीवर बातम्या लागल्या की आवाज कमी करतात, जाहिरात लागली की वाढवतात. जाहिरातीतल्या बाईचे दात खरे की बसवलेले, ते सांगतात. कोणी विचारलेलं नसतं.

चिमटे, पकडी आणि पाने पुसून आपापल्या खिळ्याला अडकवल्याशिवाय जेवायला बसत नाहीत.

हातात घेतलेलं काम अर्धवट ठेवत नाहीत. हे ते स्वतःच सांगतात, दिवसातून एकदा तरी.

यातली शेवटची सवय आता खोडायला हवी. पण ती का, हे आधी सांगते.

गल्लीत त्यांना कवळीकाका म्हणतात. शहरातले दंतवैद्य माणसाच्या तोंडाचं माप घेतात आणि ते काकांकडे पाठवतात. काका मागच्या खोलीत बसून त्यावर दात तयार करतात. खोलीत फळीवर प्लास्टरचे जबडे मांडलेले असतात. गल्लीतल्या अर्ध्या लोकांना काका चेहऱ्याने ओळखत नाहीत, पण त्यांच्या टाळूचा आकार त्यांना पाठ आहे.

माझी त्यांची ओळख दातामुळेच झाली. जिन्यावरून पडून माझा समोरचा दात तुटला होता. डॉक्टर म्हणाले, रंग जुळवायला त्यांच्या घरीच जा. मी गेले. अंगणात एक जुनी, फिकट पिवळी गाडी उभी होती. गाडीखालून दोन पाय बाहेर आलेले होते.

"कोण?" पायांच्या बाजूने आवाज आला.

"दात," मी म्हणाले.

"वरचा की खालचा?"

"वरचा. समोरचा."

"उन्हात उभी राहा. आलोच."

ते घसरत बाहेर आले. हात कोपरापर्यंत काळे होते. ते त्यांनी पाठीमागे धरले आणि माझ्या तोंडाकडे बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "चहा कमी कर."

दात त्यांनी असा केला की कोणता बसवलेला आहे ते मलाही आरशात शोधावं लागतं. त्यानंतर मी त्यांच्याकडे जात राहिले. मी साहित्यात पदवी घेतली आहे, त्यामुळे मला दुपारी वेळ असतो. रस्त्यात भेटले की काका आधी त्या दाताकडे बघून मान हलवतात. मग मला विचारतात, "कशी आहेस?"

गाडी काकांची आहे असा माझा बरेच दिवस समज होता. तिच्याखाली तेच असायचे. पण काकांना गाडी चालवता येत नाही. गाडी काकूंची.

"एकदा शिकवायला घेतलं होतं मी," काकू म्हणाल्या. "पहिल्याच वळणावर म्हणतात, अगं, समोरच्या ट्रकवाल्याच्या दोन दाढा गेल्यात. मी म्हटलं, आता उतरा, नाही तर आपल्याही जातील."

तर काका गाडी उघडतात आणि काकू चालवतात. रोज सकाळी काकू तयार दातांचे डबे मागच्या सीटवर ठेवतात, गळ्यात ओढणी गुंडाळतात आणि एकेका दवाखान्यात माल पोचवत जातात. येताना नवी मापं घेऊन येतात. मधे त्या नदीकाठी थांबतात, मैत्रिणीच्या शिलाईच्या दुकानात बसतात, ग्रंथालयात पुस्तक बदलतात. यातलं काहीही त्या घरी सांगत नाहीत आणि काका विचारत नाहीत. काका विचारतात ते एवढंच, "तेल बघितलंस?"

कारण गाडीचं तेल गळायचं.

पूर्वी हे कोणाला खुपत नव्हतं. अंगण मातीचं होतं, माती तेल पिऊन टाकायची. पण अंगण काकांचं नाही. वडिलांनी वाटणी करताना खालचं घर थोरल्याला दिलं, वरचं घर आणि अंगण धाकट्याला. म्हणजे काका घरात शिरले की स्वतःच्या घरात असतात, पण शिरेपर्यंत भावाच्या मेहेरबानीवर असतात. गल्ली अरुंद आहे, बाहेर गाडी लावायला जागा नाही. आणि धाकट्यांनी अंगणात नुकतीच पांढरी फरशी बसवून घेतली होती.

धाकटे म्हणजे काकांचे भाऊ. साठी उलटली तरी सगळे त्यांना धाकटेच म्हणतात. ते वजनमापं तपासायच्या खात्यात नोकरीला होते. दुकानदारांच्या तराजूत बोट घालून त्यांचं आयुष्य गेलं. निवृत्त झाल्यावर तराजू गेला, बोट राहिलं.

त्या दिवशी मी काकांच्या पायरीवर बसले होते. धाकटे जिन्यावरून खाली आले. त्यांची वरची कवळी काकांनीच केलेली होती. खालचे दात काढून झाले होते आणि खालची कवळी अजून काकांच्या फळीवर होती. त्यामुळे ते बोलताना निम्मंच तोंड वापरत. ऐकणाऱ्याला मात्र सगळं ऐकू जाई.

"दादा, हे काय?"

काकांनी गाडीखालून मान बाहेर काढली. "तेल."

"ते दिसतंय. माझ्या फरशीवर काय करतंय?"

"तेल काय करणार? पडलंय."

"रविवारी भंगारवाला येतोय. माझा जुना पंप आणि जिन्याचा कठडा न्यायचाय त्याला. रविवारी सकाळी गाडीखाली एक थेंब जरी दिसला, तरी ही पण त्याच्या टेम्पोला बांधून देईन."

"गाडी तुझ्या वहिनीची आहे."

"फरशी माझी आहे."

दारात काकू उभ्या होत्या. हातात दातांचा डबा होता. त्या म्हणाल्या, "भाऊजी, मग दवाखान्यात माल काय चालत नेऊ?"

"बस आहे की, वहिनी."

"बसमधून नेऊन बघितलाय. मागे गाडी उघडलेली होती तेव्हा. ड्रायव्हरने ब्रेक मारला, डबा उघडला आणि अख्खी कवळी घरंगळत त्याच्या पायाशी गेली. ओरडून विचारतोय, कोणाचे दात, कोणाचे दात. सगळी बस आपापल्या तोंडाला हात लावून बघतेय."

मी हसले. काकाही हसले. धाकटे हसले नाहीत. निम्म्या दातांनी हसणं त्यांना आवडत नसे.

"रविवारी," ते म्हणाले आणि जिना चढू लागले. अर्ध्या जिन्यावर थांबले. "माझ्या खालच्या दातांचं काय झालं?"

"मेणात लावतोय," काका म्हणाले. "हिरडी छान बसलीय तुझी. आता उशीर नाही."

ते वर गेले. काकूंनी डबा पायरीवर ठेवला. शहराच्या दुसऱ्या टोकाला दात करणारी एक मोठी, नवी कंपनी आली होती. त्यांचा माणूस मोटारसायकलवरून दवाखान्यांत माल पोचवायचा आणि काकूंच्या डॉक्टरांना गोड बोलून यायचा. काकूंच्या फेऱ्या बंद पडल्या असत्या तर ते दवाखाने आठवडाभरही थांबले नसते. काकांच्या हाताला काम उरलं नसतं. काकूंच्या नदीचं, शिलाईच्या दुकानाचं आणि पुस्तकांचं काय झालं असतं, ते कोणी मोठ्याने बोललं नाही.

"अहो," काकू हळूच म्हणाल्या, "सोपं आहे. भाऊजींचे दात करूच नका. गाडी राहिली तर दात."

काका ताठ झाले. गाडीखाली निम्मे असताना जेवढं ताठ होता येतं तेवढे.

"ही दमदाटी झाली. माणूस जेवतो त्या दातांनी."

"भाऊजी जेवतात कुठे? घास मोजतात."

"काही असो. हातात घेतलेलं काम मी अर्धवट ठेवत नाही."

त्या दिवसाचं ते वाक्य तिथे झालं.

दुसऱ्या दिवसापासून काकांनी इंजिन तोंडात घेतलं. दुसरा शब्द मला सुचत नाही. आधी त्यांनी ते घासलं. जुने टूथब्रश आणि रॉकेल घेऊन, कोपऱ्याकोपऱ्यातून, वरून खाली. इतक्या वर्षांचा चिकटा निघाला. मग काकूंची पावडरीची डबी आणून सगळ्या इंजिनावर पावडर मारली. तेल जिथून येईल तिथे पावडर ओली होणार, अशी युक्ती.

"माझी पावडर," काकू म्हणाल्या.

"गाडी तुझीच आहे," काका म्हणाले. "चावी फिरव."

काकूंनी चावी फिरवली. इंजिन लग्नाला निघाल्यासारखं गोरं होऊन थरथरू लागलं. आम्ही तिघं वाकून बघत होतो. थोड्या वेळाने काका ओरडले, "सापडलं!"

इंजिनाच्या वरच्या झाकणातून एक रबरी नळी निघून खाली लोंबत होती. तिचं दुसरं टोक कशालाच जोडलेलं नव्हतं, नुसतं उघडं होतं. त्या टोकाशी तेलाचा थेंब जमला होता.

"बघ," काका मला म्हणाले. "तोंड उघडं टाकून झोपलेल्या माणसासारखं आहे हे. लाळ गळणारच."

ते आत गेले. नळीच्या तोंडाचं त्यांनी माप घेतलं, प्लास्टरचा नमुना केला आणि कवळीच्या गुलाबी मालाचं एक बूच तयार केलं. ते इतकं चकचकीत घासलं की त्यात खिडकी दिसत होती. नळीत घातलं तेव्हा खटकन बसलं. काका मागे सरकून बघत राहिले. काकू म्हणाल्या, "एवढं नीट तर माझं बूडही स्टिअरिंगमागे बसत नाही." काकांनी ऐकलं नाही. ते खूश होते.

दुसऱ्या दिवशी तेल झाकणाच्या कडेने येऊ लागलं.

काका खचले नाहीत. झाकणाखालचं पॅकिंग जुनं झालंय, म्हणाले. झाकण काढलं. खालचं कॉर्कचं पॅकिंग सुकून तुकड्यांत निघालं. नवं दुकानात मिळतं, काकू जाऊन आणायला तयार होत्या. पण काकांच्या कपाटात एक मऊ, गुलाबी रबर होतं. ज्यांना कडक कवळी टोचते त्यांच्या हिरडीखाली ते लावतात. काकांनी त्याचंच पॅकिंग केलं.

"म्हाताऱ्या माणसांना चालतं," ते म्हणाले. "हिला न चालायला काय झालं?"

झाकण बसलं. एक दिवस सगळं कोरडं होतं. धाकटे वरच्या गॅलरीतून बघत होते, त्यांना बोलायला काही मिळालं नाही. मग त्या रबराने तेल प्यायला सुरुवात केली. ते फुगलं. झाकणाच्या चारी बाजूंनी गुलाबी, मऊ, ओलसर होऊन बाहेर आलं.

काकूंनी बॉनेट उघडलं आणि बघत राहिल्या.

"अहो," त्या म्हणाल्या, "हिला हिरड्या आल्या."

त्या दिवशी पहिल्यांदा काकांनी बशी न पुसता चहा घेतला.

काकू पायी जाऊन कॉर्कचं नवं पॅकिंग घेऊन आल्या. आता काकांनी आपलं सगळं शास्त्र बाहेर काढलं. त्यांच्याकडे एक निळा कागद असतो. दात वरखाली नीट जुळतात का ते बघायला तो दातांमध्ये धरून चावायला सांगतात. जिथे दात उंच असतो तिथे निळा डाग पडतो. काकांनी तो कागद झाकण आणि इंजिन यांच्यामध्ये धरला आणि झाकण दाबलं. उचलून बघितलं. एका कोपऱ्यात डाग जास्त गडद होता. तिथे त्यांनी कानसीने हळूच घासलं. परत कागद धरला, परत दाबलं. कडेने सगळीकडे सारखी निळी रेघ उमटली तेव्हा ते माझ्याकडे वळले.

"चावा बसला," ते म्हणाले. त्यांचे डोळे पाणावले होते. रॉकेलमुळे असेल.

नट त्यांनी आलटून पालटून, थोडे थोडे आवळले. काकूंना हाक मारली. काकूंनी चावी फिरवली आणि थोडा वेळ इंजिन चालू ठेवलं.

झाकण कोरडं राहिलं. पण तेल साठतं त्या खालच्या चेंबरच्या कडेने एक धार सुरू झाली. मग मागच्या बाजूने दुसरी. मग तेल मोजायची जी पट्टी इंजिनात खोचलेली असते ती, कोणी हात लावला नसताना, आपोआप बोटभर वर आली. तिच्या भोकातून तेलाचे शिंतोडे उडाले.

वरून टाळ्यांचा आवाज आला. धाकटे गॅलरीत उभे होते.

"दादा, आधी एका जागी गळत होती. आता सगळीकडून गळतेय. प्रगती आहे."

"तू आत जा."

"माझ्या फरशीकडे बघतोय मी."

काकूंनी इंजिन बंद केलं. चावी काढून ती काकांच्या हातात दिली. चावी त्या कधीच कोणाला देत नाहीत. काका चावीकडे बघत राहिले, त्यांना ती कशी धरायची ते कळत नसल्यासारखे.

शनिवारी दुपारी मी गेले तेव्हा गाडीखाली कोणी नव्हतं. काका मागच्या खोलीत कामाला बसले होते. कोणा एका आजीबाईंची वरची कवळी करायची होती. बाहेर जग बुडत असलं तरी आजीबाईंना सोमवारी जेवायचं होतं.

मी स्टुलावर बसले. काकांनी पितळी साचा उघडला. त्याचे दोन भाग असतात, एकात प्लास्टरमध्ये दात रोवलेले, दुसऱ्यात टाळूचा आकार. मधे गुलाबी मालाचा कणकेसारखा गोळा ठेवतात आणि साचा दाबयंत्रात घालून वरचा दांडा फिरवतात. मग माल सगळीकडे पसरतो. हे मी अनेकदा बघितलं होतं. बोलायला काही नव्हतं म्हणून मी विचारलं, "काका, प्लास्टरच्या कडेला ही खाच कशाला ठेवता?"

"जास्तीचा माल आणि हवा बाहेर यायला," ते दांडा फिरवत म्हणाले. "वाट ठेवावी लागते. नाही ठेवली तर आत दाब वाढतो आणि मग माल जिथून सापडेल तिथून..."

त्यांचा हात थांबला.

"जिथून सापडेल तिथून काय?" मी विचारलं.

ते उठले. दाबयंत्र तसंच राहिलं. खिळ्यावरचा चिमटा घेतला आणि अंगणात गेले. मी मागे गेले. त्यांनी बॉनेट उघडलं, ती लोंबती रबरी नळी हातात घेतली आणि चिमट्याने आपलं चकचकीत गुलाबी बूच ओढलं.

इंजिन बंद होतं, त्यामुळे काहीच झालं नाही. काकू दारात आल्या. काकांनी चावी पुढे केली. काकूंनी गाडी सुरू केली. उघड्या नळीतून फुस्स फुस्स असा मऊ श्वास येऊ लागला. आम्ही वाकलो. खालची धार बारीक झाली. मग थेंब झाली. मग थांबली. पट्टी आपल्या जागी बसून राहिली.

"आता कशी बोलायला लागली," काकू म्हणाल्या. "पूर्वी अशीच कुजबुजायची. तुम्ही बूच घातलंत त्या दिवसापासून घुसमटल्यासारखी चालत होती."

"मग सांगितलं का नाहीस?"

"कोणाला सांगू? तुम्ही गाडीखाली होतात. दोन पायांशी काय बोलणार?"

काकांनी बूच खिशात ठेवलं. माझ्याकडे बघून म्हणाले, "आयुष्यभर मी हवेला वाट ठेवतोय. रोज." नळीच्या टोकाशी जमणारा तो थेंब मात्र उरला होता. त्यासाठी त्यांनी कवळी भिजत ठेवायची एक डबी घेतली, झाकणाला भोक पाडलं आणि नळीचं टोक तिच्यात सोडलं. झाकणाला दुसरं एक भोकही ठेवलं, हवेसाठी. ते जरा मोठंच ठेवलं.

मग हात धुऊन आत गेले आणि आजीबाईंची कवळी पुरी केली.

संध्याकाळी धाकट्यांनी स्वतः खाली येऊन गाडीखाली पांढरा कागद अंथरला. चार कोपऱ्यांवर चार वजनं ठेवली. नोकरीतून येताना ती आणली होती म्हणे.

रविवारी सकाळी भंगारवाल्याचा टेम्पो फाटकाशी आला. पंप आणि कठडा त्यात चढवून तो दोर हातात घेऊन उभा राहिला. काकू पायरीवर बसल्या होत्या, गळ्यात ओढणी गुंडाळून, मांडीवर डबे. रविवारी दवाखाने बंद असतात. काकांनी आंघोळ करून स्वच्छ सदरा घातला होता.

धाकटे वाकले. कागद ओढून बाहेर काढला. उजेडात धरला. एका ठिकाणी काळा ठिपका होता. काकू उभ्या राहिल्या. धाकट्यांनी ठिपक्यावर बोट नेलं. ठिपका चालू लागला आणि कागदाच्या कडेवरून खाली उतरून गेला.

"मुंगी," काका म्हणाले.

धाकट्यांनी कागदाची दुसरी बाजूही बघितली. मग घडी घातली.

"आज नाही गळली," ते म्हणाले.

"आता नाही गळणार."

"आज नाही गळली, एवढंच म्हणतोय मी. दर रविवारी कागद घालणार. ज्या रविवारी थेंब, त्या रविवारी गाडी जाणार."

"म्हणजे मी आठवडाभर गाडी चालवायची आणि रविवारची वाट बघायची?" काकू म्हणाल्या.

"नियम म्हणजे नियम, वहिनी."

भंगारवाल्याने दोर गुंडाळला. "मग ही नंतर का?" त्याने विचारलं.

"नंतर," धाकटे म्हणाले.

काकू डबे मागच्या सीटवर ठेवून गाडीत बसल्या आणि बंद दवाखान्यांकडे निघून गेल्या. दिवे लागायच्या वेळेला परत आल्या. काकांनी विचारलं, "तेल बघितलंस?"

पुढच्या आठवड्यात एका दुपारी मी मागच्या खोलीत बसले होते. धाकट्यांची खालची कवळी काकांच्या हातात होती. प्लास्टरच्या जबड्यावर मेणाची पाळ होती आणि त्या मेणात एकेक दात उभा राहत होता. समोरचे झाले, सुळे झाले, डाव्या दाढा झाल्या. उजवीकडची एक दाढ लावली. दोन राहिल्या. काकांनी दिव्यावर मेणाची पळी तापवली.

दारात धाकटे आले. "झाले का?"

काकांनी पळी खाली ठेवली.

"होतील," ते म्हणाले. "हिरडी अजून बसायचीय तुझी."

मी काकांकडे बघितलं. हिरडी छान बसलीय, हे त्यांनी माझ्यासमोर सांगितलं होतं. अंगणात, गाडीखालून मान बाहेर काढून सांगितलं होतं.

"बसलीय म्हणाला होतास."

"हिरडीचं काही सांगता येत नाही. दर रविवारी बघावं लागेल."

धाकटे दारातच उभे होते. आणि काका, मी पहिल्यांदा बघितलं, त्यांच्या तोंडाकडे बघत नव्हते. सरळ डोळ्यांत बघत होते.

धाकटे वर गेले. काकूंनी चहा आणून ठेवला. त्यांनी मेणातल्या त्या दोन रिकाम्या जागा बघितल्या. काकांकडे बघितलं. "हातात घेतलेलं काम..." त्या म्हणू लागल्या.

"बशी पुसलीस का?" काका म्हणाले.

ज्या माणसाने आजीबाईंसाठी घरची गाडी जाऊ दिली असती, तो हाच, हे मला अजून पटत नाही. त्या दिवशी मी चहा न घेता घरी गेले.

त्यानंतरच्या रविवारी मी मुद्दाम सकाळी गेले. आठवडाभर काकू खूप फिरल्या होत्या आणि नळीखालची डबी रिकामी करायची राहून गेली होती. धाकट्यांनी कागद ओढला तेव्हा मी त्यांच्या शेजारी होते. कागदाच्या मधोमध एक थेंब होता. बटणाएवढा, तेलकट. मुंगी नव्हती. काकांनी बघितला. काकूंनी बघितला. त्यांचा हात चावीवर घट्ट झाला.

धाकट्यांनी कागद उजेडात धरला. बराच वेळ धरला. खालच्या रिकाम्या हिरडीवरून जीभ फिरवली. मग थेंब आत जाईल अशी घडी घातली, परत घातली, आणि कागद खिशात ठेवला.

"कोरडा आहे," ते म्हणाले.

"हो," काका म्हणाले.

"माझे दात?"

"होतायत."

चार वजनं उचलून धाकटे वर गेले. काकू डबी रिकामी करायला धावल्या.

तेव्हापासून असंच चाललंय. रविवारी कागद निघतो, कोरडा ठरतो. काका फळीवरून तो जबडा काढतात, फुंकर मारून धूळ उडवतात आणि परत ठेवतात. उजवीकडच्या दोन दाढांची जागा रिकामी आहे. त्या दोन दाढा शेजारच्या वाटीत आहेत. घासून, रंग जुळवून तयार.